‘कशावरून?’ विचारणारी लेक

 

आज मला बोलायचं आहे ते शिकणाऱ्या मुलामुलींच्या चिकित्सक बुद्धीबद्दल. विषय ऐकून काहीजणी म्हणतील, हे तर शाळेतल्या सरांचं आणि बाईंचं काम, आमचं इथे काय? मलाही तसंच वाटायचं. माझं मत का बदललं, तेच आज सांगते.

आधी शब्दाचं बघू. ‘चिकित्सक’ हा शब्द आपण कसा वापरतो? एखादी बाई प्रत्येक गोष्टीत खोट काढत असली, की आपण म्हणतो, ‘फार चिकित्सक आहे बाई ती.’ म्हणजे शब्दाला नावं ठेवूनच आपण तो उच्चारतो. पण चिकित्सा हा शब्द खरा दवाखान्यातला. डॉक्टर नाडी बघतात, ताप कधीपासून आहे ते विचारतात, जीभ बाहेर काढायला सांगतात आणि मग औषध देतात. न तपासता औषध देणाऱ्याकडे आपण लेकराला नेत नाही. ऐकलेली, वाचलेली गोष्टही अशीच तपासून मग मानायची, एवढाच चिकित्सक बुद्धीचा अर्थ.

आणि हे आपल्याला येत नाही असं अजिबात नाही. माठ घेताना आपण टिचकी मारून आवाज ऐकतो. वांगं उलटंपालटं करून भोक आहे का बघतो. ज्वारी दाताखाली धरून वाळली आहे की नाही ते सांगतो. दुकानदार कितीही म्हणाला, ‘ताई, माल एक नंबर आहे’, तरी आपण हात लावून बघितल्याशिवाय पैसे काढत नाही. पण कुणी ठासून एखादी गोष्ट सांगितली, त्यातून ते माणूस मोठं असलं, की आपली टिचकी मारायची सवय कुठे जाते कोण जाणे.

माझ्याच घरातली गोष्ट सांगते.

आपला तालुका कसा आहे, तुम्हाला ठाऊक आहे. पाऊस आला तर आला. होळी झाली की विहिरी तळ दाखवतात. काही वर्षांपूर्वी आमच्या घरी बोअर घ्यायचं ठरलं. गावोगाव नाव असलेला एक पाणाड्या बोलावला. त्याचं नाव घेत नाही, आणि तो लबाड होता असंही मी म्हणत नाही, त्याचा स्वतःच्या विद्येवर विश्वास होता. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो शेतभर फिरला. बांधाच्या कडेला एका जागी नारळ उभा राहिला. सगळे म्हणाले, इथेच पाणी.

माझी मुलगी तेव्हा अकरावीला होती. ती तिथेच उभी होती. तिने अगदी साध्या आवाजात विचारलं, ‘बाबा, तुम्ही दाखवलेल्या किती जागांना पाणी लागलं नाही?’

एकदम शांतता झाली. पाणाड्या जरा हसला. मामंजींनी माझ्याकडे बघितलं. आणि मी काय केलं? मी तिच्या दंडाला धरलं आणि म्हणाले, ‘गप्प बस. मोठ्यांच्या तोंडी लागू नको. जा, चहा टाक.’

ती गेली. चहा टाकला. त्यानंतर ती त्या विषयावर बोलली नाही.

बोअरचं मशीन आलं. जवळपास दोनशे फूट खाली गेलं. वर काय आलं, तर धूळ. नुसती कोरडी धूळ. त्या बोअरसाठी मी गटातून तीस हजार रुपये उचलले होते, शेकडा दोन रुपये महिना व्याजाने. वीस हप्ते, दर महिन्याला दीड हजार मुद्दल आणि वर व्याज. फेडून झालं तेव्हा हिशेब केला, व्याजच सहा हजार तीनशे रुपये गेलं होतं. गटाची चूक नाही, गटाने अडीअडचणीला पैसे दिले. पण कोरड्या भोकाचे हप्ते भरायला बाईला कसं वाटतं, ते ज्यांनी भरले आहेत त्यांना सांगायला नको.

पण मैत्रिणींनो, पैशाचं नुकसान भरून निघालं. दुसरं नुकसान मला फार उशिरा दिसलं. माझी बडबडी मुलगी घरात प्रश्न विचारायची बंद झाली होती. अभ्यास करायची, मार्क आणायची, पण जेवताना तिची जी कटकट असायची, ‘असं का, तसं का’, ती थांबली होती. आम्ही सगळे म्हणत होतो, पोरगी शहाणी झाली, समजूतदार झाली.

मला हे दिसलं त्याला कारण माझा स्वतःचा अभ्यास. माझं दहावी झाल्यावर लग्न झालं. पुढे बऱ्याच वर्षांनी मी मुक्त विद्यापीठात नाव घातलं. आपल्या नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, १९८९ साली सुरू झालेलं. घर, शेत सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच ते आहे. बारावी नसलेल्यांसाठी तेव्हा पूर्वतयारीचा अभ्यासक्रम होता, तो मी केला आणि मग बी.ए. रात्री एकाच दिव्याखाली मुलगी एका बाजूला आणि मी दुसऱ्या बाजूला, अशा आम्ही दोघी बसायचो.

सुरुवातीला मी काय करायचे, तर पाठ. धड्यातलं वाक्य न वाक्य डोळे मिटून म्हणायचे. एका रात्री मुलगी म्हणाली, ‘आई, तू म्हणतेस ते बरोबर आहे, पण याचा अर्थ काय?’ मला सांगता आलं नाही. पाठ होतं, पण अर्थ विचारल्यावर तोंड बंद. मग ती म्हणाली, ‘पुस्तक मिट, आणि आजीला समजेल असं मला सांग.’ मी सांगायला लागले आणि दर दोन वाक्यांना अडखळले. जिथे अडखळले तिथे मला समजलेलं नव्हतं. शिकणाऱ्या प्रत्येक मुलीला मी ही पहिली युक्ती सांगेन. पुस्तक मिटून, स्वतःच्या शब्दांत, घरातल्या कुणालातरी समजावून सांगा. जिथे जीभ अडते, तिथे परत पान उघडा.

त्याच रात्री मला माझंच लहानपण आठवलं.

२१ सप्टेंबर १९९५. तुमच्यापैकी चाळिशीच्या पुढच्या सगळ्यांना तो दिवस आठवत असेल. गणपती दूध पितो म्हणून देशभर देवळांपुढे रांगा लागल्या होत्या. मी तेव्हा शाळेत होते. आमच्या घरीही देव्हाऱ्यातल्या गणपतीला चमच्याने दूध पाजलं, आणि खरंच चमच्यातलं दूध कमी झालं. सगळ्यांनी हात जोडले. माझी आजी पक्की देवभोळी, चतुर्थीचा उपास कधी न मोडणारी. पण देव्हारा रोज तीच पुसायची. ती म्हणाली, ‘प्यायला म्हणता, मग खाली पाट ओला कसा?’

आणि तिने मला पोळ्याचा मातीचा बैल आणायला लावला. कोनाड्यात ठेवलेला होता. त्याच्या तोंडाशी चमचा नेला, जरासा कलता धरला, तर बैलही दूध प्यायला! आजीने बैलाच्या पोटाखाली बोट फिरवून दाखवलं. ओलं. आजी म्हणाली, ‘देव कुठं जात नाही. पण दूध कुठं गेलं ते बघावं माणसानं.’

नंतर वर्गात बाईंनी कारण सांगितलं. चमचा काठोकाठ भरलेला असतो. दुधाचा थेंब मूर्तीला टेकला, की तो तिच्या अंगाला चिकटून ओढला जातो आणि पातळ थर होऊन खाली ओघळतो. दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून हेच दाखवलं, रंगाचा ओघळ मूर्तीच्या अंगावर उठून दिसला. पण मला शास्त्रज्ञांच्या आधी आजीने दाखवलं होतं, आणि आजीला सही करता येत नव्हती.

तिने काय केलं ते बघा. सगळे चमच्याकडे बघत होते, तिने पाटाकडे बघितलं. आणि मग विचारलं, हे फक्त गणपतीलाच होतं का, की दुसऱ्या कशालाही होतं? शास्त्राच्या मोठ्या प्रयोगशाळेत यापेक्षा वेगळं काही करत नाहीत. अशा आजीची मी नात, आणि मी माझ्या मुलीला म्हणाले होते, ‘जा, चहा टाक.’

त्या रात्री मी मुलीला म्हटलं, ‘तू तेव्हा पाणाड्याला विचारलं होतंस ना, ते बरोबर होतं. मी तुला गप्प करायला नको होतं.’ ती काही बोलली नाही. उठली आणि कपाटातून एक वही घेऊन आली.

त्या वहीत तिने यादी केली होती. आमच्या आणि शेजारच्या गावात त्याच पाणाड्याने दाखवलेले बोअर, आणि कुणालाही न दाखवता आपापल्या अंदाजाने पाडलेले बोअर. शाळेतल्या मैत्रिणींकडून, शेजारच्या काकांकडून विचारून विचारून तिने लिहिलं होतं. लागला, कोरडा, की होळीनंतर आटला. नारळ दाखवून पाडलेल्यांपैकी निम्मे लागले होते, निम्मे नाही. आणि नारळ न दाखवता पाडलेल्यांचंही साधारण तसंच होतं. मग नारळाने नेमकं काय केलं?

ती म्हणाली, ‘आई, ज्यांना पाणी लागतं ते गावभर सांगतात. ज्यांचा कोरडा जातो ते गप्प बसतात. म्हणून आपल्याला वाटतं की त्याचा नारळ चुकत नाही.’ आणि पुढे म्हणाली, ‘पण ही यादी लहान आहे. एवढ्यावरून ठाम सांगता येत नाही.’ मैत्रिणींनो, स्वतःच्याच यादीबद्दल हे शेवटचं वाक्य बोलता येणं, याला मी चिकित्सक बुद्धी म्हणते.

तिच्यापेक्षा मोठी यादी परदेशात करून झाली आहे. जर्मनीत म्युनिक शहराजवळ १९८७-८८ मध्ये अशा पाणाड्यांची परीक्षा घेतली गेली. सुमारे पाचशे जणांमधून निवडून काढलेले ४३ जण होते. एका मोठ्या कोठाराच्या तळमजल्यावर पाण्याचा पाइप ठेवायचा, दर वेळी त्याची जागा बदलायची, आणि वरच्या मजल्यावरून पाणाड्याने जागा सांगायची. शेकडो वेळा हे केलं. परीक्षा घेणाऱ्यांना वाटलं की यातल्या थोड्या लोकांना ते जमतं. पण नंतर अमेरिकेतल्या एका शास्त्रज्ञाने तेच आकडे पुन्हा तपासले आणि सांगितलं, नुसत्या अंदाजाने बोट ठेवलं असतं तरी साधारण एवढंच जमलं असतं. म्हणजे शास्त्रज्ञांचंही म्हणणं दुसरे शास्त्रज्ञ तपासतात. तिथे कुणी कुणाला तोंडी लागू नको म्हणत नाही.

आपल्याकडची जमीन काळ्या पाषाणाची. या दगडात पाणी सगळीकडे सारखं नसतं. वरच्या मुरमात आणि दगडाच्या भेगांत ते साठतं. भेग सापडली तर पाणी, नाही तर एका बांधावर पाणी आणि दुसऱ्या बांधावर धूळ. आजूबाजूच्या विहिरींची पातळी, दगडाचा थर हे बघून अंदाज बांधता येतो. त्यासाठी सरकारची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे, तिचं कार्यालय जिल्ह्याला असतं. तिथले लोकही शंभर टक्के खात्री देत नाहीत. पण ते कशावरून सांगतात, ते आपल्याला विचारता येतं आणि त्यांना दाखवता येतं. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो.

आता तुम्ही म्हणाल, मुलींनी असे प्रश्न विचारले तर त्या उद्धट होणार नाहीत का? यावर मी एका विद्यार्थिनीची गोष्ट सांगते. आपल्या सगळ्यांची ती पूर्वज आहे.

तिचं नाव मुक्ता साळवे. मांग समाजातली मुलगी. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत ती शिकत होती. वय अवघं चौदाच्या आसपास. १८५५ साली तिने एक निबंध लिहिला, मांग-महारांच्या दुःखाविषयी. तो ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात फेब्रुवारी आणि मार्चमध्ये दोन भागांत छापून आला. पावणेदोनशे वर्षं होत आली त्याला. त्या काळी मुलीच्या हातात पाटी दिसली तरी लोक दगडशेण मारायचे, आणि त्यातून ही सर्वांत खाली ढकललेल्या समाजातली मुलगी.

तिने निबंधात काय केलं ते नीट ऐका. तिने शिव्या दिल्या नाहीत. तेव्हाचे मोठे लोक म्हणत होते की वेद फक्त आमचे, इतरांनी ते पाहायचेही नाहीत. मुक्ताने त्यांचंच म्हणणं हातात धरलं आणि शेवटापर्यंत नेलं. धर्मपुस्तक पाहायचा अधिकारच जर आम्हाला नाही, तर आम्ही धर्मपुस्तकाशिवायचे झालो. मग आमचा धर्म कोणता, असा सवाल तिने थेट देवालाच केला. समोरच्याच्याच बोलण्यातून निघणारा अर्थ तिने समोर ठेवला, त्याला उत्तर काय देणार?

आणि दुसरं, तिने डोळ्यांनी पाहिलेलं पुरावा म्हणून मांडलं. तिच्या वस्तीतल्या बाया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसतं, थंडीपावसात त्यांचे काय हाल होतात, ते तिने लिहिलं. हे कुठल्याही पंडिताच्या पोथीत नव्हतं. ते त्या मुलीलाच माहीत होतं. बाईचा अनुभव हाही पुरावा असतो, हे चौदा वर्षांच्या मुलीने १८५५ साली दाखवलं. आणि शेवटी आपल्या लोकांना तिने कळकळीने सांगितलं की शिका, ज्ञानानेच हे दुखणं बरं होईल.

तिला कुणी म्हटलं असतं, ‘मोठ्यांच्या तोंडी लागू नको’, आणि तिने ऐकलं असतं, तर तो निबंध आज आपल्यापर्यंत आला नसता. तिच्या शिक्षकांनी तिला गप्प केलं नाही. तिचं लिहिणं छापून येऊ दिलं. एका मुलीने प्रश्न विचारायचा, तर तो ऐकून घेणारं एक तरी मोठं माणूस जवळ लागतं.

आता या गोष्टीची दुसरी बाजूही सांगते, नाही तर माझं बोलणं अर्धवट राहील. प्रश्न विचारणं आणि नुसती शंका घेणं यात फरक आहे. मी तो स्वतः चुकून शिकले.

२०२१ साली करोनाच्या लशी आल्या. एप्रिलमध्ये मोबाइलवर एक निरोप फिरला की पाळीच्या आधी पाच दिवस आणि नंतर पाच दिवस बायकांनी लस घेऊ नये. मी तो वाचला आणि आशाताई घरी आली तेव्हा तिला दहा प्रश्न विचारले. कशावरून सुरक्षित आहे, कुणी सांगितलं, सगळं विचारलं. मला वाटलं, मी किती चिकित्सक! मुलगी आतून म्हणाली, ‘आई, हेच प्रश्न तू मोबाइलला विचारलेस का?’

खरंच विचारले नव्हते. तो निरोप कुणी लिहिला, त्याखाली कुठल्या डॉक्टरचं नाव होतं का, काहीच बघितलं नव्हतं. आपल्या मनातल्या भीतीला जुळणारं ते होतं, म्हणून मी तपासायचंच विसरले. सरकारने तो निरोप खोटा असल्याचं जाहीर केलं होतं. पुढे शास्त्रज्ञांनी पाळीवर खरोखर काही परिणाम होतो का, याचाही अभ्यास केला. काहीजणींची पाळी साधारण एखाद्या दिवसाने लांबते आणि पुढे नेहमीसारखी होते, असं त्यात दिसलं. म्हणजे बायकांचा प्रश्न चुकीचा नव्हता, तो अभ्यासण्यासारखाच होता. चूक ही होती, की उत्तर शोधण्याआधीच आपण ते ठरवून टाकलं होतं.

म्हणून चिकित्सेची टिचकी दोन्ही माठांना मारायची. आवडत नाही त्या गोष्टीलाही आणि आवडते त्या गोष्टीलाही. आवडत्या गोष्टीला जास्तच जोरात. आणि नीट उत्तर मिळालं, पुरावा दिसला, तर मान्यही करायचं. उत्तर मिळाल्यावरही जी मान हलवत बसते तिने चिकित्सा केली असं होत नाही.

हे सगळं रोजच्या जगण्यात कसं आणायचं? आमच्या गटात आम्ही काय करतो ते सांगते.

महिन्याच्या बैठकीला शिकणाऱ्या एक-दोन मुलींना आम्ही बोलावतो. हिशेबाची वही त्या वाचून दाखवतात आणि शेवटी एक कोडं मांडतात. मागे एकीने मांडलेलं कोडं असं होतं. दहा हजारांचं कर्ज, वर्षाला बारा टक्के व्याज, बारा हप्ते. एक जण म्हणतो, व्याज बाराशे रुपये. दुसरा म्हणतो, साडेसहाशे. दोघंही म्हणतात बारा टक्केच. खोटं कोण बोलतंय?

आम्ही सगळ्या म्हणालो, पहिलाच खोटा. मग मुलींनी फळ्यावर हिशेब मांडला. पहिल्याने पूर्ण दहा हजारांवर पूर्ण वर्षाचं व्याज लावलं होतं. त्याला सरळ दर म्हणतात, फायनान्सवाले ‘फ्लॅट रेट’ म्हणतात. पण आपण तर दर महिन्याला मुद्दल फेडत जातो. शेवटच्या महिन्यात आपल्याकडे फक्त आठशे तेहतीस रुपये उरलेले असतात. दुसऱ्याने जेवढी रक्कम बाकी तेवढ्यावरच व्याज धरलं, म्हणून ते साडेसहाशे झालं. दोघंही खोटं बोलत नव्हते. पण ‘बारा टक्के कशावर?’ हा प्रश्न विचारला नाही, तर साडेपाचशे रुपये जास्त जातात. त्या दिवसापासून आमच्या गटातली कुठलीही बाई कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी विचारते, ‘व्याज कशावर लावता? एकूण किती भरायचे?’

शिकणाऱ्या मुलींनो, तुमच्यासाठी चार प्रश्न सांगते. वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. हे कोण सांगतंय आणि त्यात त्याचा काही फायदा आहे का? कशावरून सांगतंय? जिथे हे खरं ठरलं नाही अशा जागा किती? याचं दुसरं काही कारण असू शकतं का? आणि पाचवा प्रश्न फक्त स्वतःला विचारायचा. मी चुकत असेन, तर ते मला कशावरून कळेल?

विचारताना आवाज खाली ठेवा. ‘तुम्ही चुकलात’ असं म्हणण्याऐवजी ‘मला समजलं नाही, जरा सांगाल का?’ असं म्हणा. काका, आबा, मामी, ज्या नात्याने बोलावता त्याच नात्याने विचारा. मान राखून विचारलेल्या प्रश्नाने कुणाचा अपमान होत नाही. तरीही कुणी रागावलं, तर प्रश्न वहीत लिहा, माझ्या मुलीसारखा. वहीतला प्रश्न कुणाला पुसता येत नाही.

आणि आयांनो, आपल्यासाठी एकच. इसिडोर रॅबी नावाचे अमेरिकेतले शास्त्रज्ञ होते, १९४४ सालचं पदार्थविज्ञानाचं नोबेल त्यांना मिळालं. ते सांगायचे की लहानपणी शाळेतून घरी आल्यावर इतर आया मुलांना विचारायच्या, आज काय शिकलास? त्यांची आई विचारायची, आज चांगला प्रश्न विचारलास का? गरीब घरातलीच बाई होती ती. हे विचारायला पैसे लागत नाहीत. आज संध्याकाळी भाकरी थापता थापता तुमच्या लेकराला विचारून बघा. पहिले दोन दिवस ते तुमच्या तोंडाकडे बघत राहील. तिसऱ्या दिवशी काहीतरी सांगेल. ते सांगेल तेव्हा हातातलं काम असू द्या, पण ऐका. आणि त्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला येत नसलं, तर सरळ म्हणा, ‘मला नाही माहीत, आपण दोघी शोधू.’ आईला सगळं यायलाच पाहिजे असं कुणी सांगितलं?

माझी मुलगी आता नांदगावला कॉलेजात शिकते. तिची जेवतानाची कटकट परत सुरू झाली आहे. परवा एक माणूस दारात आला होता, कांद्यावर फवारायचं कसलंसं औषध घेऊन. एका फवारणीत दीडपट कांदा निघतो म्हणत होता. मामंजींनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग ओट्यावरूनच आत हाक मारली, ‘पोरी, जरा बाहेर ये गं. याला काय विचारायचं ते विचार.’

ती बाहेर आली. चहा त्या दिवशी मी टाकला.

 तुमच्या गटातल्या मुलींनी मांडलेलं एखादं कोडं असेल, तर आपल्या रेडिओकडे नक्की कळवा.